तापलेली फरशी आणि मुके तळवे



गेल्या बुद्ध पौर्णिमेची गोष्ट. विदर्भातला मे महिना कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. सकाळी दहाची वंदना पाहुण्यांची वाट पाहता पाहता साडेबारावर गेली. मंडपाची सावली पुढच्या खुर्च्यांपुरतीच होती. बाया मागे, विहाराच्या अंगणात, शहाबादी फरशीवर अनवाणी उभ्या. चपला फाटकापाशीच काढलेल्या. त्रिशरण, पंचशील, बुद्धपूजा असे सगळे यथासांग चालले होते. पोरी या पायावरून त्या पायावर नाचत होत्या. कोणी पदराचे टोक पायाखाली घेतले, कोणी हळूच भिंतीच्या सावलीला सरकले. एक आजी मात्र हात जोडून जागच्या हलल्या नाहीत. मी मनात म्हटले, काय ही श्रद्धा!

चौथ्या दिवशी त्यांची सून मला बोलवायला आली. आजींच्या दोन्ही तळव्यांवर फोड येऊन फुटले होते, वर हळद भरलेली होती आणि एका बोटाखालून वास येत होता. आजी म्हणाल्या, "सिस्टर, मले त काहीच समजलं नाही. दुखलंच नाही ना!" त्यांना अकरा वर्षांपासून साखरेचा आजार. जखम भरायला पाच महिने लागले. डाव्या पायाचे एक बोट काढावे लागले. धुण्याभांड्याची चार घरे सुटली ती सुटलीच.

मी नर्स. त्या दिवशी त्यांच्यापासून दहा हातांवर, सावलीत उभी होते. मला जे तेव्हाच ओळखता यायला हवे होते, ते आज तुम्हाला सांगते आहे. गोष्ट साधी आहे: एक वस्तू दुसरीला टेकली की त्यांच्यात उष्णतेची देवाणघेवाण कशी होते. शाळेत हा धडा आपण पाठ केला आणि परीक्षेनंतर विसरलो. पण चुलीपासून बाळंतिणीच्या खाटेपर्यंत तो रोज आपल्या घरात घडत असतो.

आधी करून पाहा

भगवान बुद्धांनी केसपुत्त गावच्या कालामांना सांगितले होते की परंपरेने आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही मानू नका, स्वतः तपासा. तेव्हा मी सांगते म्हणून मानू नका. घरातल्या तीन वस्तू घ्या: स्टीलची थाळी, लाकडी पोळपाट आणि गोधडी. रात्रभर एकाच खोलीत, एकमेकींजवळ ठेवा. थंडीच्या दिवसांत पहाटे उठून तिन्हींवर हात ठेवा. थाळी गार लागेल, पोळपाट कमी गार आणि गोधडी उबदार. आता पोरांना विचारा, सगळ्यांत थंड वस्तू कोणती? सगळी म्हणतील, थाळी.

चूक. रात्रभर एकाच खोलीत राहिल्यावर तिन्हींचे तापमान सारखेच झालेले असते.

खात्री पटत नसेल तर किराणा दुकानातून बर्फ आणा. सारख्या आकाराचे दोन खडे करा. एक थाळीत ठेवा, दुसरा पोळपाटावर. 'गार' लागणाऱ्या थाळीतला बर्फ आधी वितळेल. थाळी खरोखरच पोळपाटापेक्षा थंड असती, तर असे झाले असते का?

आता तीच थाळी मे महिन्यात दुपारी, पत्र्याखाली खोली ४३-४४ अंश सेल्सिअसला तापलेली असताना हातात घ्या. ती पोळपाटापेक्षा जास्त गरम लागेल. तापमान तेव्हाही दोघांचे सारखेच असते.

हात काय मोजतो?

आपल्या हाताची त्वचा साधारण ३२ ते ३४ अंशांवर असते. तिला तिच्यापेक्षा थंड वस्तू टेकली की उष्णता त्वचेतून वस्तूत जाते. जास्त गरम वस्तू टेकली की वस्तूतून त्वचेत येते. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते आणि दोन्ही बाजू सारख्या होईपर्यंत जात राहते. काखेत काचेचे थर्मामीटर पाच मिनिटे धरायला सांगतात ते याचसाठी. काखेतली उष्णता थर्मामीटरमध्ये जाऊन दोघांचे तापमान सारखे झाले, की मगच आकडा खरा.

पण आपला हात थर्मामीटर नाही. उष्णता किती वेगाने आत येते किंवा बाहेर जाते, ते हाताला कळते. हा वेग वस्तू कशाची आहे त्यावर ठरतो. स्टील लाकडाच्या सुमारे शंभरपट चांगले उष्णता वाहून नेते, आणि ॲल्युमिनियम स्टीलच्याही दहा-पंधरापट. म्हणून ॲल्युमिनियमचे पातेले फडक्याशिवाय उतरवता येत नाही, पण उलथन्याची लाकडी मूठ धरता येते. पाणी हवेच्या वीस-पंचवीसपट चांगले नेते. गोधडीत जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये हवा अडकलेली असते आणि हवा उष्णता फार सावकाश पुढे देते. म्हणून गोधडीत ऊब राहते. ऊब आपल्याच अंगाची असते, गोधडी तिला फक्त बाहेर जाऊ देत नाही.

समजा तीन वस्तू उन्हात तापून ६० अंशांवर गेल्या आहेत: लोखंडी फाटक, दगडी फरशी आणि लाकडी बाक. त्यांना त्वचा टेकली की टेकलेल्या जागी एक मधले तापमान तयार होते. लोखंडाला टेकलेली त्वचा जवळजवळ ५६-५७ अंशांना पोचते. दगडाला टेकलेली सुमारे ५० अंशांना. लाकडाला टेकलेली फक्त ४० अंशांच्या आसपास. लाकडाच्या पृष्ठभागाने जवळची उष्णता दिली की आतली वर यायला वेळ लागतो, तोवर पृष्ठभाग निवतो. लोखंडात मागून पुरवठा लगेच येतो. दगड या दोघांच्या मधला. वस्तूंचे तापमान एकच, पण पोळण्यात एवढा फरक.

किती वेळ टेकले, यावर सगळे

तापमानाइतकाच महत्त्वाचा असतो वेळ. १९४७ साली अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोन संशोधकांनी डुकराच्या त्वचेवर आणि स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून पाहिले, की त्वचा किती तापमानाला किती वेळात मरते. ४४ अंशांना सुमारे सहा तास लागतात. ४९ अंशांना नऊ-दहा मिनिटे पुरतात. ६० अंशांना अवघे पाच सेकंद. म्हणजे ज्या पाण्याला आपण 'सोसेल इतके कोमट-गरम' म्हणतो, तेही बराच वेळ टेकून राहिले तर भाजते.

आता आजींच्या पायाखालची फरशी आठवा. वैशाखातल्या दुपारी काळसर दगड, डांबरी रस्ता ५५-६० अंशांपर्यंत तापतो. तळव्याची कातडी जाड असते, ती थोडा जास्त वेळ तग धरते. पण वंदना दहा-पंधरा मिनिटांची आणि आजी जागच्या जागी. बाकीच्या बायांचे पाय का वाचले? कारण त्यांना चटका बसत होता आणि त्या पाय उचलत होत्या. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे. आजींच्या पायांतला पहारेकरी मधुमेहाने कधीचा झोपवला होता.

बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली की पायांच्या मज्जातंतूंना इजा होते. आधी मुंग्या येतात, रात्री आग होते, मग हळूहळू पाय बधिर होतात. बधिर झाल्यावर दुखत नाही, म्हणून माणसाला वाटते बरे झाले. धोका तिथेच सुरू होतो. कुष्ठरोगातही असेच होते. चहाच्या गरम पेल्याने हात भाजतो आणि फोड दिसेपर्यंत कळत नाही. बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता. १९४८ पासून पायांच्या मज्जातंतूंच्या दुखण्याने ते हैराण असत, झोप लागत नसे, इन्सुलिन घ्यावे लागे. ज्यांच्या जयंतीला आपण भर उन्हात मिरवणूक काढतो, त्यांचाच आजार आज आपल्या घराघरांत आहे.

मधुमेह असलेल्या प्रत्येकासाठी एवढे तरी करा:

• प्राथमिक आरोग्य केंद्रात साखरेबरोबर पायही तपासून मागा. नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून 'कळतंय का' विचारतात. दोन मिनिटांचे काम आहे आणि त्याला सुई लागत नाही.
• रोज रात्री तळवे पाहा. वाकता येत नसेल तर खाली आरसा धरा किंवा नातवाला पाहायला सांगा.
• आंघोळीचे पाणी पायाने तपासू नका. कोपराने तपासा किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाला हात घालायला सांगा.
• बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी, तापवलेली वीट, शेगडी यांचा शेक देऊ नका. गार पडले असतील तर मोजे घाला आणि पांघरूण घ्या.
• घरातही अनवाणी राहू नका. एमसीआर रबराची मऊ चप्पल मिळते, ती वापरा.

भाजल्यावर: टूथपेस्ट नको, पाणी

हाच नियम भाजल्यावर आपल्या उपयोगी पडतो. पोराच्या अंगावर चहा सांडला. चहा पुसला, तरी वरच्या कातडीत शिरलेली उष्णता आत आत जात राहते आणि खालचे थर भाजत राहतात. ती लगेच बाहेर काढायची, तर तिच्यापेक्षा थंड आणि उष्णता भराभर वाहून नेणारे काहीतरी टेकवायला हवे. असे स्वस्त आणि हाताशी असलेले एकच औषध आहे, ते म्हणजे साधे, स्वच्छ, गार पाणी. पूर्ण वीस मिनिटे.

वीस मिनिटे म्हटले की बाया माझ्याकडे बघतात. "ताई, नळ एक तास येतो, तोही पहाटे." मला ठाऊक आहे. म्हणून हिशेब करून सांगते. बारीक धारेने मिनिटाला एक तांब्या ओतला तरी वीस तांबे लागतात, म्हणजे एक-दीड बादली. तेवढे पिंपात असतेच. तेवढेही नसेल तर स्वच्छ कपडा ओला करून ठेवा आणि दर एक-दोन मिनिटांनी बदला. तोच कपडा तसाच ठेवला तर तो तापून बसतो आणि उष्णता ओढायची थांबते. भाजून थोडा वेळ झाला असेल तरी पाणी ओताच. तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो.

गरम चहाने भिजलेले कपडे लगेच काढा, कारण ते गरम पाणी अंगाला टेकवून ठेवतात. कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढू नका. बांगड्या, अंगठी, पैंजण, कंबरेचा करगोटा लगेच काढा. धातू उष्णता धरून ठेवतो आणि सूज आल्यावर तो निघत नाही. लहान मुलाचा भाजलेला भाग पाण्याखाली, पण बाकीचे अंग पांघरुणात. नाहीतर लेकरू गारठते.

टूथपेस्ट, शाई, तूप, हळद, कांद्याचा रस यांतले काहीही लावू नका. लेप पाण्यासारखा वाहत नाही. तो उष्णता घेऊन पुढे जाण्याऐवजी जागेवर बसून राहतो, वर जखम झाकतो आणि डॉक्टरांना ती दिसावी म्हणून नंतर खरवडून काढावा लागतो. तेव्हा लेकरू जे किंचाळते, ते मी ड्रेसिंगच्या खोलीत फार वेळा ऐकले आहे. बर्फही नको. तो इतका थंड असतो की रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच दुखावलेली कातडी आणखी मरते.

वीस मिनिटांनंतर स्वच्छ, कोरड्या सुती कपड्याने सैल झाका. चेहरा, हात, पाय, सांधा किंवा गुप्तांग भाजले असेल, रुग्णाच्या तळहातापेक्षा मोठा भाग असेल, रुग्ण बाळ, म्हातारे माणूस किंवा मधुमेही असेल, वीज किंवा ॲसिडने भाजले असेल, तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करा. विजेने भाजले असेल तर आधी मेन स्विच बंद करा, मगच माणसाला हात लावा.

बाळ आणि आईची छाती

शेवटची गोष्ट सगळ्यांत लहान माणसाची. बाळ आईच्या पोटातून ३७ अंशांतून बाहेर येते, ओले. त्याला तसेच गार वजनकाट्याच्या स्टीलच्या ताटात किंवा फरशीवर ठेवले की थाळीने हाताची उष्णता ओढावी तशी त्याची ऊब ओढली जाते. त्याच्या अंगावर चरबी कमी आणि वजनाच्या मानाने कातडी जास्त. त्यातून बाळ कमी वजनाचे असेल तर ते बघता बघता गारठते, दूध ओढत नाही, सुस्त पडते. म्हणून बाळ लगेच कोरडे करायचे, डोक्याला टोपी घालायची, वजनाच्या ताटात आधी कपडा घालायचा आणि पहिले २४ तास आंघोळ घालायची नाही.

मग ऊब द्यायची कशाने? तिलाही स्पर्शाचाच उपाय आहे. आईच्या उघड्या छातीवर बाळ उघड्या अंगाने, फक्त टोपी आणि लंगोटात, पालथे ठेवायचे आणि वरून दोघांना एकाच पांघरुणात घ्यायचे. आईचे अंग ३६-३७ अंशांवर असते. बाळ थंड असेल तर तिच्याकडून घेते आणि सारखे झाले की घेणे थांबते. आई कधी बाळाला पोळत नाही. शेगडी आणि गरम पाण्याची बाटली पोळतात, आणि बंद खोलीतल्या शेगडीचा धूर मायलेकरांना गुदमरवतो. १९७८ साली कोलंबिया देशात बोगोटा शहरातल्या दवाखान्यात काचेच्या पेट्या कमी पडत होत्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली. आज तिला कांगारू मदर केअर म्हणतात आणि ती जगभर वापरली जाते. आई दमली असेल तर बापाने छातीवर घ्यावे. बापाचे अंगही तेवढेच गरम असते.

येत्या जयंतीआधी

आजींच्या बोटाचे ड्रेसिंग चालू असताना मी विहार समितीच्या बैठकीत गेले. म्हटले, चपला फाटकावर काढण्याऐवजी आतल्या उंबरठ्याशी, सावलीत काढू द्या. एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "ताई, अंगण विहाराचंच आहे. शिस्त मोडेल." मी विचारले, "दादा, आपण बाहेर चप्पल काढतो ती धूळ आत जाऊ नये म्हणून. त्यात एखाद्या आजीचं बोट जावं, असं कोणी सांगितलंय?" थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एका तरुण पोराने वहीत लिहायला घेतले.

ठरले ते असे. चपलांचे रॅक उंबरठ्याशी न्यायचे. फाटक ते उंबरठा काथ्याची चटई टाकायची. चटई उन्हात तापते, पण तिच्या धाग्यांत हवा असते, म्हणून ती पायाला फार उष्णता देऊ शकत नाही. अंगणावर हिरवी जाळी बांधायची आणि फरशीवर पांढरा चुना मारायचा, म्हणजे ती मुळात कमी तापेल. लोखंडी फाटकाच्या आणि रेलिंगच्या मुठीला सुतळी गुंडाळायची. लेकरे तिथेच लोंबकळतात. मधुमेहींनी मोजे घालून यावे, कोणी हसायचे नाही. आणि वैशाखात वंदना सकाळी आठला. पाहुणे आले तर आनंद, उशिरा आले तर त्यांचे भाषण संध्याकाळी.

यातले शेवटचे कलम मंजूर व्हायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. बाकीच्यांचा खर्च वर्गणीतून निघाला.

तुमच्या विहारातही हे करा. त्याआधी एक सोपी गोष्ट करा. भर दुपारी अंगणात जाऊन तुमचा स्वतःचा तळहात फरशीवर ठेवा आणि सावकाश दहापर्यंत मोजा. पाचाच्या आत हात उचलावा लागला, तर त्या फरशीवर कोणालाही उभे करू नका. तुमच्या हाताला कळते आहे. जिला कळत नाही, तिच्या वतीने तुम्ही तपासायचे आहे.

आजी परवा भेटल्या. पायात एमसीआर चप्पल होती. म्हणाल्या, "सिस्टर, आता मी रोज रात्री नातीला पाय दाखवते. ते म्हणते, आजी, पास!"

जय भीम. नमो बुद्धाय.